दिव्यांग विद्यार्थ्यांचे शाळोत्तर पुनर्वसन : खानदेश

शाळा संपवणाऱ्या दिव्यांग मुलामुलींना पुढचे शिक्षण, रोजगार, प्रवास आणि कायदेशीर व्यवहार यांसाठी तयार करण्याची प्रक्रिया. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने विशेष विद्यार्थ्यांसाठी असा आराखडा शाळांना बंधनकारक केला. भारतात तशी सक्ती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे; मधला टप्पा पालक आणि विशेष शिक्षकांनी आपापल्या बळावर ओलांडायचा.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दृष्टिहीन व अस्थिव्यंग विद्यार्थ्यांना निदान एक मळलेली वाट आहे : लेखनिक घेऊन बारावी, पदवी, मग स्पर्धा परीक्षा. जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प याच तयारीसाठी ओळखला जातो. खरी अडचण बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांची. अठरा पूर्ण झाली की विशेष शाळा सुटते, आणि प्रौढांना काम देणाऱ्या संरक्षित कार्यशाळा काही गावोगाव नाहीत. मुलगा घरी बसतो; शाळेत अंगवळणी पडलेले वेळापत्रक हळूहळू सुटत जाते.

प्रशिक्षण म्हणून बहुतेक ठिकाणी पणत्या, मेणबत्त्या, कागदी पाकिटे ठरलेली. दिवाळी सरली की मागणीही सरते. त्यापेक्षा भोवतालच्या कामाकडे पाहणे शहाणपणाचे. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पॅकिंगचे काम टप्प्याटप्प्यांत चालते : घडाच्या फण्या कापणे, धुणे, निथळवणे, वजन करणे, खोक्यात भरणे. धारदार विळ्याचे काम दुसऱ्याकडे देऊन धुणे आणि भरणे शिकवता येते. आकडे न कळणाऱ्याला काट्यावर रंगीत खूण पुरते : काटा हिरव्यावर आला की खोके पुढे सरकवायचे. मजुरी मात्र इतरांइतकीच हवी. ‘बिचारा रमतो इथे’ म्हणून चहा-नाश्त्यावर भागवणे म्हणजे रोजगार नव्हे.

कामाला जायचे तर एसटीही एकट्याने पकडता यायला हवी. भाड्यात ७५ टक्के सवलत असते, पण ‘फैजपूर’ पाटी ओळखणे, कार्ड दाखवणे, योग्य थांब्यावर उतरणे याचा सराव शाळेत असतानाच, शिक्षकाने सोबत बसून करून घ्यावा लागतो.

अठराव्या वर्षी आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्वही कायद्याने संपते, हे अनेक घरांना बँकेच्या खिडकीवर किंवा सातबाऱ्यावर वारसनोंद करताना कळते. स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक वा बहुविध दिव्यांगत्व असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो.

नंदुरबारच्या सातपुड्यात प्रश्न आणखी वेगळा. घरी भिली किंवा पावरी, शाळेत मराठी; दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. दिव्यांग मूल आजीपाशी राहते, नाहीतर फडावर जाते. सिव्हिल हॉस्पिटलमधली दिव्यांगत्वाची तपासणी, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) आणि पालकत्वाचा अर्ज ही कामे तिथे पावसाळ्यात, घरची माणसे गावात असतानाच उरकावी लागतात.