उएनो स्थानक

जपानची राजधानी टोकियो येथील ताइतो विभागातले एक मोठे व जुने रेल्वे स्थानक. यामानोते आणि केइहिन-तोहोकु या शहरातल्या लोकल गाड्या, उत्सुनोमिया, ताकासाकी व जोबान हे दूरच्या उपनगरांकडे जाणारे मार्ग, उत्तरेकडच्या शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट गाड्या आणि टोकियो मेट्रोच्या गिन्झा व हिबिया या भुयारी मार्गिका येथे एकत्र येतात. नारिता विमानतळाकडे गाड्या सोडणारे केइसेइ-उएनो हे स्थानक मात्र स्वतंत्र आहे. ते शेजारच्या उद्यानाखाली असून तिथे चालत जावे लागते.

टोकियोत उएनोपेक्षा गजबजलेली स्थानके बरीच आहेत. तरीही या स्थानकाला जपानी मनात जी जागा आहे ती क्वचितच दुसऱ्या एखाद्याला असेल. शंभरहून अधिक वर्षे उत्तरेकडच्या गावांतला माणूस राजधानीत पहिले पाऊल टाकत असे ते इथेच.

२८ जुलै १८८३ रोजी निप्पोन रेल्वे या खाजगी कंपनीने उएनो ते कुमागाया अशी गाडी सुरू केली आणि स्थानकाचा जन्म झाला. जागा होती कानेइजी या बौद्ध मंदिराच्या आवाराची. १८६८ च्या यादवीत इथल्या टेकडीवर लढाई होऊन मंदिराचा बराचसा भाग जळाला होता. रेल्वेचे मोठे काम होते उत्तर-पश्चिमेच्या रेशीमपट्ट्यातले कच्चे रेशीम राजधानीकडे आणण्याचे. १८९१ मध्ये रूळ मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरीपर्यंत पोहोचले आणि १९०६ मध्ये कंपनी सरकारजमा झाली. दक्षिणेकडच्या गाड्या मात्र शहराच्या दुसऱ्या बाजूने सुटत. ही मधली तूट उन्नत मार्ग बांधून भरून निघाली ती १९२५ मध्ये आणि त्याच वेळी यामानोते मार्गाचे वर्तुळही पूर्ण झाले.

१९२३ च्या महाभूकंपानंतर लागलेल्या आगीत जुनी इमारत भस्मसात झाली. आज दिसणारी इमारत १९३२ ची. टेकडीला पाठ टेकवून उभे असल्याने स्थानकाचे फलाट मजल्यामजल्यांवर आहेत. १ ते १२ वरच्या पातळीवर, १३ ते १७ जमिनीलगत आणि शिन्कान्सेनचे १९ ते २२ खोल पाताळात. म्हणून एका दाराने बाहेर पडलात तर टेकडीवरच्या उद्यानात पोहोचता आणि दुसऱ्या दाराने थेट बाजाराच्या रस्त्यावर. नवख्याची इथे हमखास फसगत होते, तेव्हा कोणत्या दाराने बाहेर पडायचे हे आधी पाहून ठेवलेले बरे.

आशियातली पहिली शहरी भुयारी रेल्वे याच स्थानकातून निघाली. हायाकावा नोरित्सुगु या उद्योजकाने लंडनची भुयारी रेल्वे पाहिली होती आणि टोकियोलाही ती हवी, असा ध्यास घेतला होता. शहराची जमीन भुसभुशीत आणि खर्च अफाट, असे म्हणून लोक त्याला वेड्यात काढत. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून खिशातल्या काळ्या-पांढऱ्या दाण्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद करी, अशी आठवण सांगतात. अखेर ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते आसाकुसा हा अवघा २.२ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. स्थानके चार. फिरत्या दांड्याच्या फाटकात दहा सेनचे (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) नाणे टाकले की आत. पाच मिनिटांच्या त्या प्रवासासाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. हाच मार्ग पुढे वाढत जाऊन आजची गिन्झा मार्गिका झाला. तिची कारशेड उएनोजवळच आहे आणि तिथे शिरणाऱ्या गाड्या चक्क रस्ता ओलांडतात. भुयारी गाडीसाठी रस्त्यावरचे फाटक पडते, हे दृश्य टोकियोत दुसरीकडे नाही. हिबिया मार्गिका १९६१ मध्ये आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरदार जळालेली माणसे आणि अनाथ मुले स्थानकाच्या भुयारी वाटांत आसरा घेऊन राहिली. पुढे कारखाने धडधडू लागले आणि १९५४ पासून सुमारे वीस वर्षे ‘सामूहिक नोकरी’च्या खास गाड्या उत्तरेतून येऊ लागल्या. त्यांतून उतरत ती नुकतीच शाळा संपवलेली पंधरा-पंधरा वर्षांची पोरे. मालकवर्ग त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणे. शब्द गोड होता. पण आईबापांपासून शेकडो किलोमीटर दूर, दुकानाच्या माळ्यावर झोपणाऱ्या त्या मुलांच्या वाट्याला फार कष्ट आले. त्याच्या कितीतरी आधी, १९१० मध्ये, उत्तरेकडच्या इवाते प्रांतातून आलेला कवी इशिकावा ताकुबोकु याने तीन ओळींच्या एका कवितेत लिहून ठेवले होते की गावाकडची बोली कानावर पडावी म्हणून तो स्थानकाच्या गर्दीत जातो. पंधरा क्रमांकाच्या फलाटाजवळ, जिथे रूळ संपतात, तिथे ही कविता कोरलेली आहे.

१४ मार्च १९८५ रोजी शिन्कान्सेन उएनोला आली. तिचे फलाट जमिनीखाली सुमारे तीस मीटर खोल आहेत. भूजल उपशावर निर्बंध आल्यानंतर टोकियोखालच्या पाण्याची पातळी चढू लागली आणि त्या दाबाने स्थानकच वर उचलले जाण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा तळाशी लोखंडाचे प्रचंड वजन रचून आणि पुढे जमिनीत खोल नांगर (अँकर) रोवून त्याला खाली धरून ठेवावे लागले.

१९९१ मध्ये शिन्कान्सेन टोकियो स्थानकापर्यंत वाढली, तर २०१५ मध्ये उएनो-टोकियो मार्ग सुरू होऊन उपनगरी गाड्याही पुढे धावू लागल्या. शेवटचे स्थानक वाटेतले झाले. जमिनीलगतच्या फलाटांवरची वर्दळ ओसरली.

उद्यानाकडचे दार २०२० मध्ये थोडे उत्तरेला हलवले, त्यामुळे आता रस्ता न ओलांडता उद्यानात जाता येते. समोरच चंदीगडची आखणी करणाऱ्या वास्तुरचनाकार ल कॉर्ब्यूझिएने आराखडा केलेले पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि थोडे पुढे जपानमधले सर्वांत जुने, १८८२ चे प्राणिसंग्रहालय. युद्धकाळात तिथल्या हत्तींना उपाशी ठेवून मारण्यात आले होते. जपानी मुलांनी हत्ती मागणारी पत्रे पाठवल्यावर १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी एक हत्तीण भेट दिली. तिला त्यांनी आपल्या मुलीचेच नाव दिले होते, इंदिरा.