इन्सुलिनची सुई दुखते? जागा काळीनिळी पडते?

आमच्या मेडिकलमधून इन्सुलिन नेणारे बरेच जण एकच सुई आठ-आठ दिवस चालवतात. नवी घ्या म्हटलं की दुकानदार धंदा करतोय असं वाटतं. वाटू द्या. पण वापरलेल्या सुईचं टोक बोथट होत जातं, वरचा गुळगुळीत थर निघतो, अन् मग ती कातडी ओरबाडत आत जाते. दर वेळी नवी सुई घेतली की निम्मी तक्रार मिटते.

थंडगार औषधानेही आग होते. फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा. स्पिरीट लावलं तर पूर्ण वाळू द्या. ओलं असताना टोचलं की तेच झोंबतं.

चालू बाटली फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे टिकते, पण २५ ते ३० अंशांच्या आत. नेमकी मुदत खोक्यावर पाहा. आपल्याकडे हे हिवाळ्यात जमतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा घरात फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधे ओली रेती, वर ओलं फडकं. बाटली डब्यात कोरडी राहिली पाहिजे. बर्फात मात्र ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

पोटावर टोचताना बेंबीपासून दोन बोटं सोडा अन् रोज एक बोट सरका. एकाच जागी टोचत राहिलं की चरबीची गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो, औषध नीट भिनत नाही, साखर खाली-वर होते. वावरात निंदणाला जायच्या आधी मांडीत घेऊ नका. पाय चालले की इन्सुलिन लवकर भिनतं अन् साखर एकदम उतरू शकते.

इन्सुलिन पेनने घेत असाल तर बटन दाबल्यावर दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. नंतर जागा चोळू नका. चोळल्यानेही जागा निळी पडते.

रक्त पातळ करणारं पोटातलं इंजेक्शन चालू असेल तर थोडं निळं पडणारच, आठ-पंधरा दिवसांत जातं. टोचताना औषध हळूहळू आत सोडा, नंतर कापसाने नुसतं दाबून धरा. डाग पसरत गेला, हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौच काळी झाली तर लगेच डॉक्टरकडे जा. मनाने औषध बंद करू नका. टोचलेली जागा लाल, गरम झाली किंवा पू आला तरी डॉक्टरांना दाखवा.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका, सकाळी बाया तिथे हात घालतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा अन् बाजाराच्या दिवशी दुकानात आणून द्या.