मोजून केलेली मेहनत : आजार-दुखापतीतून उठणाऱ्या किशोर खेळाडूंच्या व्यायामाची पार्श्वभूमी

पंधरा-सोळा वर्षांचा खेळाडू टायफॉइडमधून उठला किंवा त्याचा गुडघा फिरला, तर त्याने पुन्हा मेहनत कधी, किती आणि कोणत्या क्रमाने सुरू करायची, हा प्रश्न कोल्हापूरच्या तालमींना पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. त्याचे शास्त्रीय उत्तर मात्र जेमतेम ऐंशी वर्षांचे आहे. लष्करी रुग्णालये, पोलिओचे वॉर्ड आणि निरोगी तरुणांना अंथरुणावर झोपवून केलेले प्रयोग अशा वाटांनी ते आले. किशोरवयीन खेळाडूंपर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचले, आणि आपल्याकडील पुष्कळ गैरसमजांचे मूळ या उशिरात आहे, असे मला वाटते.

राजर्षी शाहू महाराजांच्या राजाश्रयाने कोल्हापुरात कुस्ती वाढली आणि 1912 मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पहाटेचे जोर, बैठका, लढती आणि त्यावरचा खुराक यांची शिस्त बसली. चांगला वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी शेकड्यांनी बैठका मारायला लावत नाही; आठवड्यामागून आठवडे तो आकडा वाढवतो, पोराचा श्वास आणि अंग पाहून एखादा दिवस हात राखतो. शरीरावरचा भार हळूहळू चढवण्याचे हे तत्त्व तालमीने अनुभवातून ओळखले होते, परंतु ते निरोगी गड्यासाठी होते. अंगाला लागले की आंबेहळदीचा लेप, तेलाची मालीश, हाडवैद्याची पट्टी आणि दुखणे थांबेपर्यंत पडून राहणे. दुखणे थांबले आणि जत्रेचे मैदान जवळ आले की थेट कुस्तीच्या हौदात. या दोन टोकांच्या मधला भाग रिकामा होता. पेठापेठांत फुटबॉल रुजला आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावे संघांना मिळाली, तेव्हा हीच रीत शाहू स्टेडियमवरही गेली.

याच शहरात राजाराम कॉलेजमध्ये शिकलेल्या आणि 1952 मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना पुढच्या ऑलिंपिकआधी गुडघ्याच्या दुखापतीने अडवले. त्या काळी अशा दुखापतीनंतर खेळाडूला टप्प्याटप्प्याने मैदानावर परत आणण्याची पद्धत जगात फारशी कुठे रुळलेली नव्हती.

पद्धतीची पायाभरणी मात्र त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाली होती. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरला किशोरवयात संधिवाताचा ताप आला होता आणि हृदय जपण्यासाठी त्याला दीर्घकाळ अंथरुणावर ठेवण्यात आले होते. उठल्यावर त्याने वजने उचलून शरीर पुन्हा कमावले. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापतींचे सैनिक त्याच्याकडे आले, तेव्हा हलक्या वजनाने असंख्य वेळा पाय हलवण्याची रूढ पद्धत सोडून त्याने स्नायूला पेलेल इतके जड वजन मोजक्या वेळा उचलायला लावले आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवले. 1945 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे ठरलेले प्रमाण आजही वापरात आहे : रुग्ण जे वजन नेमके दहा वेळा उचलू शकतो ते शोधायचे, मग दहा-दहाच्या तीन फेऱ्या त्या वजनाच्या निम्म्याने, पाऊणपटीने आणि पूर्ण वजनाने करायच्या. आजारी किशोराने स्वतःवर करून पाहिलेल्या गोष्टीतून ही विद्या निघाली, आणि तरीही किशोरांना ती देण्यास डॉक्टर पुढे कित्येक वर्षे कचरत राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

भारतात फिजिओथेरपीचे शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते पोलिओच्या साथीमुळे. त्यामुळे ही विद्या आपल्याकडे दीर्घकाळ अपंगत्वाशी जोडली गेली. धडधाकट खेळाडूने फिजिओथेरपिस्टकडे जायचे असते, हे घराघरांत पोहोचायला पुढची पिढी जावी लागली.

विश्रांतीची किंमत किती असते, हे 1966 मध्ये डॅलसला झालेल्या आणि 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. त्यानंतरच्या प्रशिक्षणात ती भरून निघाली. मात्र आधीपासून नियमित व्यायाम करणाऱ्या दोघांना मूळ पातळी गाठायला इतर तिघांपेक्षा बराच अधिक काळ लागला. तालमीच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. तीन आठवडे कावीळ किंवा डेंगीने झोपलेल्या तयारीच्या पोराला ‘याला काय, चार दिवसांत येईल अंगावर’ असे म्हणतात, तेव्हा नेमके उलटे गृहीत धरले जाते.

वाढत्या वयाचा प्रश्न वेगळाच आहे. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या (हाड जिथून लांब होते ते थर) सोळा-सतरापर्यंत आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरही खुल्या असतात, आणि स्नायूबंध ओढला गेला की ताण त्याच्या चिकटण्याच्या जागेवर येतो. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर उठणारा दुखरा उंचवटा 1903 मध्ये ऑसगुड आणि श्लाटर यांनी स्वतंत्रपणे वर्णिला. बैठका, उड्या आणि धावणे यांनी तो अधिक दुखतो. अशा मुलाला सगळा व्यायाम बंद करायला लावण्याची गरज सहसा नसते. बैठकांची संख्या आणि खोली कमी करून, दुखणे दुसऱ्या दिवशी वाढते का हे पाहत पुढे जाता येते. वजन उचलले की उंची खुंटते, ही समजूत मात्र अजून टिकून आहे, आणि तीच माणसे त्याच मुलाकडून शेकडो बैठका बिनदिक्कत काढून घेतात. अमेरिकेतील ताकद-प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने 1985 मध्येच देखरेखीखालचा ताकदीचा व्यायाम मुलांना सुरक्षित असल्याची भूमिका घेतली होती.

गुडघ्यातील पुढच्या क्रूसबंधाच्या (मांडीचे हाड नडगीशी बांधणाऱ्या अस्थिबंधाच्या, म्हणजे एसीएलच्या) शस्त्रक्रियेनंतर पूर्वी महिनोन्‌महिने पाय जखडून ठेवत. 1990 च्या सुमारास लवकर हालचाल सुरू करण्याची पद्धत आली आणि सहा महिन्यांत खेळायला सोडण्याची घाईही तिच्यामागून आली. या घाईला 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी लगाम घातला : नऊ महिन्यांपर्यंत परतणे लांबवल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका दरमहा जवळपास निम्म्याने घटतो, आणि खेळात परतणाऱ्या तरुण खेळाडूंपैकी सुमारे चारांतील एकाचा क्रूसबंध पुन्हा तुटतो, त्याच गुडघ्यातला किंवा दुसऱ्या गुडघ्यातला. म्हणून आता दिवसांसोबत ताकदही मोजतात. गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांना टेप लावला, की बरा झालेला म्हणवणारा पाय किती वाळला आहे ते पालकांना डोळ्यांनी दिसते. पुढे एका पायावर बाकावरून उठणे, एका पायाची उडी अशा चाचण्यांत दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्क्यांपर्यंत यावा लागतो.

डोक्याच्या माराबाबत, खेळातील मेंदूच्या आघातांवर 2001 मध्ये व्हिएन्नाला झालेल्या परिषदेपासून टप्प्यांची शिडी रूढ झाली. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हलके चालणे, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला किमान चोवीस तास; मुलांना आधी शाळेत पूर्णवेळ बसता आले पाहिजे, खेळ त्यानंतर. आजारांसाठीची शिडी करोनाकाळात, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याच्या भीतीमुळे, सर्वांच्या तोंडी आली. टायफॉइड आणि मलेरियात प्लीहा वाढते आणि पोटावरच्या आघाताने ती फुटू शकते, त्यामुळे कुस्तीगीराला ताप उतरल्यावरही डॉक्टरांनी पोट तपासल्याशिवाय लढत देता येत नाही. डेंगीनंतर प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत तोच नियम.

कोल्हापुरात या सगळ्याच्या आड येणारी गोष्ट म्हणजे तारीख. शालेय स्पर्धांचे 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट, त्यातले शेवटचे वर्ष, दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण यांच्यामुळे पालक आणि प्रशिक्षक दोघेही उतावीळ होतात. आजारात वजन उतरलेल्या मुलाला खालच्या वजनगटात खेळवण्याचा मोहही इथेच होतो, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो, कारण भरून यायचे शरीर त्यासाठी उपाशी ठेवले जाते. खुराक पूर्ववत होऊन वजन परत येणे हीच तिथे पहिली पायरी आहे.

तालमीला हा क्रम परका वाटण्याचे कारण नाही. आधी चालणे आणि खांबाला धरून अर्ध्या बैठका, मग पूर्ण बैठका व जोर निम्म्या संख्येने, रोज सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजून. ती नेहमीपेक्षा बरीच चढलेली असेल तर त्या दिवशी वाढ नाही. त्यानंतर जोडीदाराशिवाय डावांचा सराव, मग प्रतिकार न करणाऱ्या जोडीदारावर डाव, मग हलक्या गड्याशी थोडा वेळ झोंबी, आणि डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व वस्ताद या तिघांनी होकार दिल्यावर बरोबरीच्या जोडीशी लढत.