प्रोसेसर-वेगनियमन : कर्नल बदलल्यानंतरचे बिघाड

कामाचा भार पाहून लॅपटॉपच्या प्रोसेसरचा क्लॉक स्पीड, आणि त्यासोबत त्याला मिळणारा विद्युतदाब, कमी-जास्त करण्याच्या व्यवस्थेला प्रोसेसर-वेगनियमन म्हणतात. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत आणि दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे वेगासोबत दाबही उतरवला की बचत मोठी होते. इंटेलने 2000 साली स्पीडस्टेप या नावाने ही सोय लॅपटॉपमध्ये आणली. लिनक्समध्ये डिसेंबर 2003 च्या 2.6 कर्नलपासून (कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा) हे काम सीपीयूफ्रीक ही उपव्यवस्था सांभाळते. लिनक्स कर्नल अद्ययावत केल्यावर हे नियमन बिघडले, किंवा बिघडल्यासारखे वाटले, तर काय तपासावे एवढाच या नोंदीचा विषय आहे.

तक्रारी दोन तऱ्हेच्या असतात. एक, लॅपटॉप 400 किंवा 800 मेगाहर्ट्झवर अडकतो आणि ब्राउझर उघडायलाही मिनिट घेतो. दुसरी उलटी : वेग खाली येतच नाही, पंखा घोंघावत राहतो आणि बॅटरी तासाभरात बसते.

वेग बदलणारा ड्रायव्हर वेगळा आणि किती वेग हवा ते ठरवणारा गव्हर्नर वेगळा, हे आधी पक्के लक्षात घ्यावे. कर्नल बदलला की पुष्कळदा ड्रायव्हरच बदललेला असतो. इंटेल पीस्टेट हा ड्रायव्हर कर्नल 3.9 मध्ये, 2013 साली आला. स्वतःचा वेग स्वतः ठरवण्याची सोय (एचडब्ल्यूपी) 2015 च्या स्कायलेक पिढीपासून प्रोसेसरमध्येच आली. ती नसलेल्या जुन्या प्रोसेसरांवर 5.7 पासून (2020) हाच ड्रायव्हर पॅसिव्ह पद्धतीने, म्हणजे वेगाचा निर्णय कर्नलच्या गव्हर्नरवर सोपवून, चालतो आणि इंटेल सीपीयूफ्रीक असे नाव दाखवतो. एएमडी पीस्टेट 5.17 मध्ये, 2022 साली आला. त्याआधी एएमडीची यंत्रे एसीपीआय सीपीयूफ्रीक या जुन्या ड्रायव्हरवर चालत. म्हणजे गव्हर्नरचे नाव म्हणून कालपर्यंत ऑनडिमांड दिसणाऱ्या जागी आज स्केडयुटिल किंवा पॉवरसेव्ह दिसले, तर तो बिघाडच असेल असे नाही. ‘पॉवरसेव्ह’ या शब्दाला तर माणसे उगाच घाबरतात. जुन्या ड्रायव्हरवर त्याचा अर्थ ‘कायम सर्वांत कमी वेग’ असा होता. इंटेल पीस्टेटच्या अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत (वेगाचा निर्णय ड्रायव्हर किंवा प्रोसेसरच घेतो ती) मात्र तोच गव्हर्नर भार आला की वेग वाढवतो.

तपासणी कर्नलची माहिती दाखवणाऱ्या सिस फोल्डरातल्या सीपीयूफ्रीक या कप्प्यापासून सुरू करावी. हा कप्पाच नसेल तर ड्रायव्हर चढलेला नाही. बायोसमधली (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मेनूतली) वेगनियमनाची सेटिंग बंद आहे का ते पाहावे. कप्पा असेल तर आकडे किलोहर्ट्झमध्ये येतात, 800000 म्हणजे 800 मेगाहर्ट्झ. प्रोसेसरची मूळ कमाल मर्यादा आणि स्केलिंगची चालू कमाल मर्यादा यांत तफावत असेल, तर मर्यादा कोणीतरी लावली आहे. बहुधा टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डेमन हे वीज वाचवणारे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू असतात आणि एकमेकांच्या सेटिंगवर बोळा फिरवतात. दोहोंपैकी एकच ठेवावा. उबंटूवर सीपीयूपॉवर हे वेग पाहण्याचे आणि बदलण्याचे साधन कर्नलच्याच आवृत्तीचे लागते. अपग्रेडनंतर ते चालेनासे झाले तर जुळणारे पॅकेज टाकावे, वेगनियमन मोडले असे समजू नये.

दोन्ही मर्यादा बरोबर आहेत, भारही आहे, तरी प्रत्यक्ष वेग तळालाच, असे दिसले तर मात्र संशय उष्णतेवर आणि चार्जरवर घ्यावा. मराठवाड्यात ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ होते ती इथेच. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो. पुष्कळ लॅपटॉप प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास स्वतःला आवर घालतात. खोली 25 अंशांवर असेल तर उष्णता बाहेर टाकायला 75 अंशांचा फरक मिळतो, 42 वर फक्त 58 चा. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. त्यात पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला असतो. जानेवारीत जुन्या कर्नलवर मोजलेला वेग मे महिन्यातल्या नव्या कर्नलशी ताडून पाहणे म्हणूनच निरर्थक आहे. ग्रबच्या मेनूत (यंत्र सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीत) जुना कर्नल बहुधा शिल्लक असतो. त्याच दुपारी, त्याच टेबलावर, तोच चार्जर लावून तो सुरू करावा आणि तेच काम देऊन मोजावे. लाईट गेलेली असताना मोजू नये, कारण बॅटरीवर गेल्यावर मर्यादा आपोआप बदलतात. संध्याकाळी व्होल्टेज उतरते, त्यावर मात्र खापर फोडण्याचे कारण नाही. बहुतेक अडॅप्टरांवर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते.

प्रस्तुत नोंदकाराने परभणीत हाताळलेल्या एका लॅपटॉपवर अपग्रेडच्या दुसऱ्या दिवसापासून चारही कोअर 400 मेगाहर्ट्झवर होते. घरच्यांनी कर्नल परत उतरवला, तरी आकडा तोच. शेवटी चार्जरचे टोक उजेडात धरले, तेव्हा मधली केसासारखी बारीक पिन वाकलेली दिसली. अडॅप्टरची ओळख पटवणारी ती पिन. ओळख पटली नाही की असे काही लॅपटॉप प्रोसेसरला संकेत देऊन वेग तळाला बांधून ठेवतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवताच वेग 2400 वर गेला. वेग आवरणारा हा संकेतच बंद पाडण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. उन्हाळ्यात त्या करू नयेत, कारण खऱ्या तापण्यावरचा पहाराही त्यासोबत उठू शकतो.

जुन्या कर्नलवर वेग खरोखर मिळतो आणि नव्यावर मिळत नाही, असे ठरले तरच दोष कर्नलचा. तात्पुरता उपाय म्हणून बूट होताना इंटेल पीस्टेटला पॅसिव्ह किंवा डिसेबल ही सूचना देता येते; एएमडीवरही तसाच पर्याय आहे. नेमका कोणता बदल नडला ते शोधायचे तर गिट बायसेक्ट ही बदलांत निम्मे-निम्मे करून शोधणारी आज्ञा वापरावी. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून जास्त बदल असले, तरी दर वेळी निम्मे वगळत गेल्यास सुमारे 14 चाचण्यांत तो सापडतो. मात्र दर चाचणीला कर्नल नव्याने बांधावा (कंपाइल करावा) लागतो, आणि जुन्या लॅपटॉपवर एकेका बांधणीला काही तास लागतात. हे जमण्यासारखे नसेल तर दोन्ही कर्नलांचे क्रमांक, ड्रायव्हर आणि गव्हर्नरची नावे, भाराखालचा वेग आणि त्या वेळचे तापमान एवढे लिहून आपल्या लिनक्स वितरणाकडे (उबंटूसारख्या) तक्रार नोंदवावी.