स्मिता पाटील: कॅमेऱ्याआधीचं पुणं

१७ ऑक्टोबर आणि १३ डिसेंबर. जयंती आणि पुण्यतिथी. या दोन तारखांना स्मिता पाटीलचे फोटो सगळीकडे फिरतात. सोबतच्या मजकुरात चित्रपटांची यादी असते, दोन राष्ट्रीय पुरस्कार असतात, १९८५ ची पद्मश्री असते आणि अगदी शेवटी एक ओळ असते की, ती सामाजिक कामातही सहभागी होती. ही शेवटची ओळ मला कायम खटकते. स्मिताच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. लोकांसाठी काम करणारी माणसं तिच्या आयुष्यात आधी आली, कॅमेरा नंतर आला, आणि ती माणसं तिला पुण्यात भेटली.

तिचा जन्म १९५५ चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव पाटील मूळचे खानदेशातले, शिरपूरकडचे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले आणि पुढे राज्यात मंत्री झालेले. आई विद्याताई परिचारिका होत्या, समाजकार्यात मुरलेल्या होत्या. शाळा रेणुका स्वरूप. आणि शाळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे राष्ट्र सेवा दल.

सेवा दलाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आजच्या तरुण वाचकाला त्याचा अंदाज नसतो. १९४१ मध्ये पुण्यात ही संघटना नव्यानं उभी राहिली. एस. एम. जोशी तिचे दलप्रमुख झाले आणि साने गुरुजींच्या विचारांनी तिला घडवलं. संध्याकाळच्या शाखेत मुलं-मुली एकत्र खेळत, कवायत करत, गाणी म्हणत. कोण कुठल्या जातीचं हे कुणी विचारत नसे. तेव्हाच्या पेठांमधल्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती. सुट्टीत शिबिरं असत, श्रमदान असे. आणि दलाचं कलापथक होतं. वसंत बापट, शाहीर लीलाधर हेगडे, सुधा वर्दे अशी माणसं त्यात रमली. निळू फुले याच मुशीतून आले. लोकांना काही सांगायचंय म्हणून गायचं, नाचायचं, नाटक करायचं, हा तिथला रिवाज. स्मिता या वातावरणात वाढली. तिच्या अभिनयात नटवेपणा का नाही, याचं उत्तर मला अभिनयाच्या कुठल्याही तंत्रापेक्षा इथे जास्त सापडतं.

पुण्यानं तिला दुसरी गोष्ट दिली ती फिल्म इन्स्टिट्यूटमुळे. १९७४ मध्ये अरुण खोपकर यांनी तिथला विद्यार्थी म्हणून ‘तीव्र मध्यम’ हा डिप्लोमा चित्रपट केला, त्यात स्मिता होती. इन्स्टिट्यूट उभी आहे ती जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर. तिथेच १९४१ च्या ‘संत सखू’मध्ये अभिनेत्री हंसा वाडकर सखू झाल्या होत्या. पुढे हंसाबाईंच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला, आणि त्यासाठी स्मिताला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ती जेमतेम बाविशीत होती. पुरस्काराची रक्कम तिनं समाजकार्याला देऊन टाकली. सेवा दलाच्या मुलीनं दुसरं काय केलं असतं!

त्याआधी मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. बेनेगल यांनी तिला तिथेच हेरलं. ‘चरणदास चोर’, ‘निशांत’, ‘मंथन’ असे चित्रपट भराभर आले. मराठीत जब्बार पटेलांचा ‘सामना’ आणि नंतर ‘जैत रे जैत’ आला.

‘चक्र’जवळ मात्र थांबायला हवं. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा १९८१ चा हा चित्रपट झोपडपट्टीतल्या अम्माचा. तयारीसाठी स्मिता मुंबईतल्या वस्त्यांमध्ये जायची. नळावर पाणी भरणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांमध्ये वावरायची. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार याच भूमिकेचा. पण चित्रपटाच्या पोस्टरवर वितरकांनी तिच्या उघड्यावरच्या आंघोळीचं दृश्य लावलं. वस्तीतल्या बाईला आडोसा मिळत नाही, हे तिचं दुःख. त्याचंच भांडवल झालं. स्मितानं आपली नाराजी लपवली नाही.

मग १९८२ चा ‘उंबरठा’. शांता निसळ यांची मूळ कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिग्दर्शन पुन्हा डॉ. पटेलांचं. सुखवस्तू घरातली सुलभा महाजन नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून परगावी महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. सासूबाई स्वतः समाजकार्यात आहेत, त्यामुळे सुनेनं इथेच राहून हौसेपुरतं काम करावं, अशी घरची अपेक्षा. सुलभाला हौस नको, काम हवं असतं. सुधारगृहातला भ्रष्टाचार, पळून जाणाऱ्या मुली, वर दबाव आणणारी समिती, या सगळ्यांशी ती एकटी झुंजते. कडक सुती साडी, चष्मा आणि आवाज न चढवता दिलेलं उत्तर. इतक्या कमी ऐवजात स्मितानं ती बाई उभी केली. त्याच सुधारगृहात बायका ‘गगन सदन तेजोमय’ ही प्रार्थना म्हणतात. ती लिहिली आहे वसंत बापटांनी, म्हणजे सेवा दलाच्या कलापथकातल्या कवीनंच.

१९८२ हेच वर्ष पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच ही स्त्रियांच्या हक्कांसाठीची संघटना सुरू केल्याचं. मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात पोलिसांना निर्दोष सोडणारा निकाल, त्यावरची १९८० ची आंदोलनं आणि हुंडाबळींवरचा संताप यांनी महाराष्ट्र ढवळून निघाला होता. ‘उंबरठा’ पाहून घरोघरी वाद झाले ते या पार्श्वभूमीवर. स्मिता त्या चळवळीकडे लांबून बघत नव्हती. मुंबईतल्या विमेन्स सेंटरची ती सदस्य होती आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर उघडपणे बोलत होती.

‘शक्ती’, ‘नमक हलाल’सारखे व्यावसायिक चित्रपटही तिनं केले. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात शिरत नाही.

२८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत १३ डिसेंबरला ती गेली. अवघी ३१ वर्षांची. नावाजलेली, मुंबईसारख्या शहरात उत्तम उपचार मिळू शकणारी बाई बाळंतपणानंतर दगावते, हे वाचताना आजही चीड येते.

साधारण त्याच सुमारास डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले, म्हणजे ‘सामना’तलेच तिचे सहकलाकार, सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामाला लागले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना महिन्याकाठी थोडं मानधन मिळावं म्हणून या मंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पैसा उभा केला. नामवंत नट-नट्या त्यासाठी गावोगाव फिरल्या. स्मिता असती तर त्या दौऱ्याच्या गाडीत ती आधी चढली असती, याबद्दल मला शंका नाही.