फ्लोरिजेन

वनस्पतीच्या पानांत तयार होऊन प्ररोहाच्या टोकाकडे जाणारा आणि तेथे पानांऐवजी फुले घडवण्यास चालना देणारा संदेशक पदार्थ. दिवस-रात्रीची लांबी ओळखतात ती पाने, पण फूल धरते ते शेंड्यातील विभज्येत (सतत विभागून नवे अवयव घडवणाऱ्या कोशिकांच्या समूहात). या दोहोंमधला निरोप कोण नेतो, या प्रश्नातून ही संकल्पना १९३०–४० या दशकात पुढे आली. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे प्रत्यक्ष पदार्थ हाती लागला नाही. सध्या एफटी या जनुकापासून बनणारे लहान प्रथिन आणि इतर वनस्पतींतील त्याची समकुलीन प्रथिने म्हणजेच फ्लोरिजेन, असे बहुतेक संशोधक मानतात.

पूर्वपीठिका : फुले घडवणारा काही खास पदार्थ पानांत तयार होत असावा, ही कल्पना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस झाक्स यांनी १८६५ च्या सुमारास मांडली. नॅस्टर्शियमसारख्या वेलींचे शेंडे अंधारात ठेवून खालची पाने उजेडात राहू दिली, तर अंधारातल्या शेंड्यांवरही फुले येतात, असे त्यांना दिसले होते. मात्र झाक्स यांचा भर पानांत चालणाऱ्या घडणीवर होता; दिवसाच्या लांबीचा त्यांच्या विचारात संबंध नव्हता. त्यामुळे त्यांना फ्लोरिजेनच्या कल्पनेचे जनक म्हणणे ओढाताणीचे वाटते.

दिवसाच्या लांबीचे महत्त्व फ्रान्समध्ये तुर्नवा यांनी १९१२ पासून हॉप व भांग या वनस्पतींवर केलेल्या प्रयोगांत दिसू लागले होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाल्याने ते काम अर्धवट राहिले. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी दीप्तिकालिता, म्हणजे दिवस-रात्रीच्या लांबीला वनस्पतीने दिलेला प्रतिसाद, निर्विवाद सिद्ध केली. त्यांच्याकडील ‘मेरिलँड मॅमथ’ हा तंबाखूचा वाण उन्हाळ्यात शेतात नुसताच उंच वाढत राही आणि हिवाळ्यात काचगृहात मात्र लहानपणीच फुलून येई. यावरून वनस्पतींचे लघुदिनी (दिवस आखूड असता फुलणारे), दीर्घदिनी (दिवस लांब असता फुलणारे) व दिननिरपेक्ष असे वर्ग रूढ झाले. पुढे १९३४ मध्ये नॉट यांनी पालकावर प्रयोग करून दिवसाची लांबी शेंडा नव्हे, तर पाने ओळखतात, हे दाखवले.

संकल्पनेचे श्रेय : या टप्प्यावर अनेकांनी जवळजवळ एकाच वेळी एकाच दिशेने पाऊल टाकले, म्हणून श्रेयाचा वाद आहे. सोव्हिएट संघातील मिखाइल चैलाख्यान यांनी शेवंतीच्या झाडांची वरची पाने काढून टाकली, खालच्या पानांना आखूड दिवस आणि वरच्या पर्णहीन खोडाला लांब दिवस दिले. शेंड्यावर फुले आली. उलट व्यवस्था केली, तेव्हा फुले आली नाहीत. शेवंती लघुदिनी असल्याने फुलण्याचा निर्णय पानांत झाला आणि शेंड्यापर्यंत पोचला, एवढाच अर्थ त्यातून निघतो. कलमांचे प्रयोग करून त्यांनी हा संदेश सांध्यातूनही पलीकडे जातो, असे दाखवले आणि १९३६-३७ मध्ये त्या गृहीत हॉर्मोनाला ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले.

याच सुमारास सोव्हिएट संघातच मॉश्कोव्ह, नेदर्लंड्समध्ये कॉइपर व व्हीर्सुम सोयाबीनवर आणि जर्मनीत मेल्खर्स खुरासानी ओव्यावर कलमांचे प्रयोग करीत होते, व त्यांचेही निष्कर्ष मिळतेजुळते होते. प्रकाशनाचे महिने मोजून कोणा एकाला पहिले ठरवण्याचा प्रयत्न काही लेखकांनी केला आहे. निरीक्षण अनेकांचे, पण त्यावरून एक सर्वसाधारण सिद्धांत मांडून तो पुढची पाच दशके तपासत राहण्याचे काम चैलाख्यान यांचे, ही मांडणी अधिक न्याय्य दिसते. हे काम त्यांनी सुखाने केले नाही, हेही नोंदवले पाहिजे. वनस्पतींतील हॉर्मोनांची कल्पनाच त्या काळी सोव्हिएट कृषिविज्ञानावर वर्चस्व असलेल्या लायसेंको यांच्या गटाला मान्य नव्हती आणि चैलाख्यान यांना त्या विरोधाची झळ सोसावी लागली.

शोधाचा दीर्घ काळ : १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांनी शंकेश्वर (लांडगा) या तणावर केलेले प्रयोग पुढील संशोधनाला फार उपयोगी पडले. सुमारे साडेआठ तासांहून मोठी अशी एकच रात्र मिळाली, तरी हे झाड फुलते, आणि त्यासाठी एक पानही पुरते. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ प्रकाश दिला, तर परिणाम नाहीसा होतो. म्हणजे झाड मोजते ते दिवसाला नव्हे, रात्रीला. १९५० नंतर झेव्हार्ट यांनी पेरिला या वनस्पतीचे आखूड दिवस मिळालेले एकच पान एकामागून एक अनेक झाडांवर कलम केले आणि दर वेळी ते झाड फुलले. लघुदिनी झाडाचा कलम केलेला भाग दीर्घदिनी झाडालाही फुलवू शकतो, यावरून संदेशक सर्वत्र सारखाच असावा, असा तर्क बळावला.

तरीही पानांचा अर्क काढून तो लावल्यावर फुले येतात, हे खात्रीने व पुन्हापुन्हा दाखवणे कोणालाही साधले नाही. लांग यांनी १९५७ मध्ये जिबरेलिन या वाढीच्या हॉर्मोनाच्या साहाय्याने काही दीर्घदिनी वनस्पती फुलवल्या, पण लघुदिनी वनस्पतींत तसे घडेना. चैलाख्यान यांनी १९५८ मध्ये फ्लोरिजेन हे जिबरेलिन आणि ‘अँथेसिन’ नावाचा एक गृहीत पदार्थ या दोहोंचे मिळून बनलेले असावे, असे सुचवले. अँथेसिन कधीच सापडले नाही. बेल्जियममधील बर्निए व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच हॉर्मोन मानण्याऐवजी शर्करा, सायटोकायनीन (कोशिकांच्या विभाजनाला चालना देणारे हॉर्मोन) इत्यादी अनेक घटकांचा एकत्रित परिणाम मानावा, असे मत मांडले. १९८० च्या सुमारास फ्लोरिजेन ही केवळ सोयीची कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांची संख्या बरीच होती. कलमांचे पुरावे मात्र कोणालाच खोडता आले नव्हते, आणि शंकेखोरांच्या लेखनात त्यांना पुरेसे वजन दिलेले आढळत नाही.

एफटी जनुक : उत्तर शेवटी रसायनशास्त्राऐवजी आनुवंशिकीकडून आले. अ‍ॅराबिडॉप्सिस या लहान दीर्घदिनी वनस्पतीत उशिरा फुलणारी उत्परिवर्ते (जनुकात बदल झालेली झाडे) रेडे यांनी १९६२ मध्ये आणि कोर्नेफ यांच्या गटाने १९९१ मध्ये वर्णिली होती. त्यांपैकी कॉन्स्टन्स हे जनुक १९९५ मध्ये नॉरिच येथे कूपलँड यांच्या गटाने वेगळे केले. १९९९ मध्ये अमेरिकेतील व्हायगेल आणि जपानमधील अराकी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एफटी जनुक ओळखले. हे जनुक पानांतील परिकाष्ठात (अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकात) कार्यान्वित होते, तर त्याचे काम शेंड्यात दिसते. शेंड्यातील जोडीदार, म्हणजे एफडी हे प्रथिन, २००५ मध्ये दोन गटांनी दाखवून दिला. आता प्रश्न एवढाच उरला की पानातून शेंड्याकडे जाते ते काय : जनुकाची आरएनए प्रत की तिच्यावरून बनलेले प्रथिन?

त्याच वर्षी स्वीडनमधील एका गटाने आरएनए जाते, असे ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले. एका पानात उष्णतेने एफटी जनुक चालू केले, की काही तासांत त्याचा आरएनए शेंड्यात आढळतो, असा तो दावा होता, आणि वर्षातील महत्त्वाच्या शोधांत त्याची गणना झाली. २००७ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. आरएनएच्या मोजमापांपैकी काही गाळली गेली होती व काहींना विश्लेषणात जास्त वजन दिले गेले होते. सर्व मूळ मोजमापे नीट तपासल्यावर मुख्य निष्कर्षांपैकी बहुतेक टिकले नाहीत.

त्याच वर्षी प्रथिनाच्या बाजूचे पुरावे आले. कोलोन येथे कूपलँड यांच्या गटाने एफटी प्रथिनाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडून ते केवळ परिकाष्ठातील सहकोशिकांत (अन्नवाहक नलिकांना लागून असलेल्या कोशिकांत) तयार होईल अशी योजना केली. आरएनए तेथेच राहिला, प्रथिन मात्र शेंड्यात पोचलेले दिसले. नारा येथे शिमामोतो यांच्या गटाने भातातील एचडी३ए या समकुलीन प्रथिनाबाबत हेच दाखवले. अ‍ॅराबिडॉप्सिस दीर्घदिनी आणि भात लघुदिनी असूनही संदेशक एकच निघाला, हा चैलाख्यान यांच्या तर्काचा मोठा विजय होय. निर्णायक ठरावा असा आणखी एक प्रयोग कमी उद्धृत केला जातो : एफटीचा आरएनए नष्ट करणारा कृत्रिम सूक्ष्म आरएनए शेंड्यात बनवला, तर फुलण्यास उशीर होत नाही, परिकाष्ठात बनवला, तर होतो. आरएनएही कलमाच्या सांध्यापलीकडे जातो, असे काही गटांनी नंतर नोंदवले आहे. ते खरे धरले, तरी फुलण्यासाठी प्रथिन पुरेसे आहे, या निष्कर्षाला बाध येत नाही.

कार्यपद्धती : एफटी हे १७५ अ‍ॅमिनो अम्लांचे प्रथिन आहे. कॉन्स्टन्स प्रथिनाचा आरएनए झाडाच्या अंतर्गत घड्याळानुसार दुपारनंतर वाढतो, पण प्रथिन अंधारात नष्ट होते. संध्याकाळी उजेड असेल, तरच ते टिकते आणि एफटी चालू करते. म्हणून अ‍ॅराबिडॉप्सिस लांब दिवसांत फुलते. भातातील कॉन्स्टन्सचे समकुलीन जनुक लांब दिवसांत उलट अडथळा आणते. भातावरील २०११ च्या संशोधनानुसार शेंड्यातील कोशिकांत एचडी३ए प्रथम १४-३-३ या प्रथिनांना आणि नंतर एफडीला जोडले जाते, व हा समूह फुले घडवणारी जनुके चालू करतो. बाहेरच्या नैसर्गिक प्रकाशात वाढणाऱ्या झाडांत एफटीची पातळी संध्याकाळप्रमाणे सकाळीही वाढते, हे २०१८ मध्ये दिसून आले. प्रयोगशाळेतील दिव्यांखाली ते लक्षात आले नव्हते.

विरोधी घटक : एफटीच्याच कुटुंबातील टीएफएल१ हे प्रथिन फुलणे रोखते. दोघांत इतके साम्य आहे की एकच अ‍ॅमिनो अम्ल बदलून एफटीला बऱ्याच अंशी टीएफएल१ सारखे वागायला लावता येते. पानांतून निघणारा विरोधी संदेशकही असावा, असे १९७७ मध्ये तंबाखूच्या कलमांवरून लांग, चैलाख्यान व फ्रोलोव्हा यांनी सुचवले होते. असे प्रथिन २०१३ मध्ये जपानी संशोधकांना शेवंतीच्या एका रानजातीत सापडले.

इतर कामे : फुलणारी तंबाखू बटाट्यावर कलम केली, तर बटाट्याला कंद धरतात, हे चैलाख्यान व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले होते; २०११ मध्ये त्यामागे एफटी कुटुंबातीलच प्रथिन असल्याचे स्पष्ट झाले. कांदा पोसण्यातही अशीच प्रथिने भाग घेतात. टोमॅटोत या कुटुंबातील एक विरोधी जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बंद करून लवकर फळणारी झाडे मिळवण्यात आली आहेत.

भारतीय पिके : उसाला तुरा येणे आणि रब्बी ज्वारीचे निसवणे दीप्तिकालावर अवलंबून आहे. आंब्याची गोष्ट निराळी. कोकणात पालवी पक्व होऊन थंडी पडल्याशिवाय हापूसला मोहोर धरत नाही, हे बागायतदार चांगले जाणतात. येथे चालना दिवसाच्या लांबीऐवजी गारव्याची असते. आंब्यातही एफटीसारखे जनुक असून थंड तापमानात पानांत ते अधिक कार्यशील होते. जिबरेलिन मात्र आंब्यात मोहोर रोखते, म्हणजे लांग यांच्या दीर्घदिनी वनस्पतींच्या नेमके उलट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने एकाआड वर्षी फळणाऱ्या हापूसला शिफारस केलेले पॅक्लोब्यूट्राझोल हे वाढरोधक, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातले ‘कल्टार’, जिबरेलिनाची निर्मिती कमी करूनच काम करते. आंब्यात पानांतून जाणारा संदेश असतो, याचे पुरावे व्ही. जे. कुलकर्णी यांनी १९८६ ते १९९१ या काळात कलमांद्वारे दिले. अवेळी मोहरणाऱ्या वाणाशी जोडलेल्या हंगामी वाणाच्या फांदीलाही अवेळी मोहोर आला. मात्र त्यासाठी त्या फांदीची स्वतःची पाने काढावी लागली आणि देणाऱ्या वाणाची ठेवावी लागली.