मॉडेल-सारांशाची मांडणी

संख्याशास्त्रीय मॉडेलमधून निघालेले सहगुणक (एक घटक एका एककाने वाढला की निकाल किती बदलतो ते), त्यांच्या प्रमाण त्रुटी (त्या अंदाजातील अनिश्चितता), टी-मूल्ये (सहगुणक भागिले प्रमाण त्रुटी) आणि पी-मूल्ये (परिणाम मुळात नसता तर निदान इतका टोकाचा आकडा येण्याची शक्यता) वाचता येतील अशा तक्त्यात कोडद्वारे छापण्याची पद्धत. यात मॉडेल पुन्हा बसवले जात नाही. बदलते ते फक्त आकड्यांचे दिसणे.

‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेत हा भेद रचनेतच आहे. ‘एलएम’ या रेषीय मॉडेलच्या फंक्शनने बसवलेल्या मॉडेलवर ‘समरी’ हे फंक्शन चालवले की एक ऑब्जेक्ट, म्हणजे निकाल साठवणारी वस्तू, तयार होतो. पडद्यावरचा तक्ता त्या ऑब्जेक्टसाठीचे ‘प्रिंट’ फंक्शन छापते. सहगुणकांचे रकाने ‘प्रिंटकोएफमॅट’ हे फंक्शन लावते. आरमध्ये छापायच्या सार्थ अंकांची मूळ मर्यादा ७ असते. सारांश छापताना त्यातून ३ वजा होऊन ४ उरते. ऑब्जेक्टमधली संख्या मात्र पूर्ण अचूकतेने तशीच राहते. म्हणून छापलेला आकडा टिपून पुढचे गणित करू नये, तो ऑब्जेक्टमधूनच घ्यावा.

किती अंक ठेवायचे हे प्रमाण त्रुटी ठरवते, आणि त्याआधी एकक. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव बाजार समितीचे उदाहरण घेऊ. समजा, कांद्याचा भाव रुपये प्रति क्विंटलमध्ये आणि आवक क्विंटलमध्ये घेतली, आणि आवकेचा सहगुणक −०.०१२३४५७, प्रमाण त्रुटी ०.००३१ आली. हा आकडा ना शेतकऱ्याला बोलतो, ना व्यापाऱ्याला. आवक हजार क्विंटलमध्ये मोजली की तोच निकाल −१२.३, प्रमाण त्रुटी ३.१ असा होतो: हजार क्विंटल आवक वाढली की भाव सरासरी १२ रुपयांनी उतरलेला. टी-मूल्य व पी-मूल्य जागचे हलत नाहीत. शून्यांची रांग दिसली की दशांश वाढवण्याआधी एकक तपासावे.

सर्वाधिक गैरसमज पी-मूल्याच्या छपाईतून होतात. पायथन भाषेतील ‘स्टॅट्समॉडेल्स’ या संख्याशास्त्रीय पॅकेजचा तक्ता ते तीन दशांशांपर्यंत छापतो, त्यामुळे तिथे ०.००० दिसते. ते शून्य नव्हे, अहवालात ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे. आर अत्यंत लहान पी-मूल्याच्या जागी ‘< २ई-१६’ किंवा ‘< २.२ई-१६’ छापते. ही मर्यादा संगणकात संख्या साठवण्याच्या अचूकतेवरून घेतलेली असून ‘ई-१६’ म्हणजे दहाचा उणे सोळावा घात. सोबतचे तारे (०.००१ खाली तीन, ०.०१ खाली दोन, ०.०५ खाली एक) ‘शो.सिग्निफ.स्टार्स’ हा पर्याय बंद करून काढता येतात, आणि काढावेतच. तारा पाहून परिणाम केवढा आहे हे कळत नाही, तरी नजर आधी तिकडेच जाते.

अहवालासाठी आरमधील ‘ब्रूम’ पॅकेजचे ‘टायडी’ फंक्शन सहगुणकांचा डेटाफ्रेम, म्हणजे पुढे वापरता येणारा तक्ता, देते. ‘मॉडेलसमरी’ हे आरचेच पॅकेज अनेक मॉडेल शेजारीशेजारी मांडते.

मराठी तक्त्याची अडचण वेगळी आहे. पडद्यावरचे रकाने मोकळ्या जागा मोजून जुळवलेले असतात. काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे ‘निफाड’, ‘दिंडोरी’, ‘पिंपळगाव बसवंत’ अशा नावांची मोजलेली रुंदी आणि दिसणारी रुंदी जुळत नाही, मग आकडे सरकतात. अशा वेळी खरा तक्ता, म्हणजे एचटीएमएल किंवा वर्डचा, बनवावा. देवनागरी अंकही अगदी शेवटच्या पायरीवर घालावेत: पायथन ‘१२’ हा मजकूर संख्येत बदलू शकते, आर मात्र त्याला ‘एनए’, म्हणजे नसलेले मूल्य, ठरवते.